रजिस्टर पत्र

दिल्लीचं टपाल भुसावळला पहाटे तीन पन्नासला उतरतं.
मी ते खणांत टाकतो. यावल, रावेर, सावदा, बोदवड.
एकवीस वर्षं झाली. झोपेतही हात चुकत नाही.

त्या पहाटे लागलं जाडसर पांढरं पाकीट,
कोपऱ्यात चेंडूचा छाप, खाली टाइप केलेलं :
गफूर नथू तडवी, प्रशिक्षक,
तापी स्पोर्टिंग, लोको शेडमागचं मैदान.

हात थांबला.

पंधरा दिवस भारंबे टेलरच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता.
‘मास्तर जाईन का भो?’
‘जाईन नाही तं काय. देश बोलावू राह्यला त्याले.’
‘देशाले दुसरा भेटत नाही का?’
फिरके ड्रायव्हर म्हणाला, केळी नेली, कापूस नेला,
दीपनगरची वीज नेली, आपल्याला राख ठेवली,
आता मास्तर न्या.
आणि याच फिरकेनं त्याच दिवशी
इटारसीच्या रनिंग रूममध्ये छाती फुगवून सांगितलं होतं,
आमचा माणूस चालला दिल्लीले.

आमचा माणूस म्हणजे पालचा. सातपुड्यातला.
बोलतो कमी, शिट्टी तर वाजवतच नाही.
मे महिन्यात मैदान तव्यासारखं होतं तेव्हा
पोरांना निंबाखाली बसवतो, डोळे मिटायला लावतो.
तू राइटला आहेस. विन्सीनं थ्रो टाकला. चेंडू कुठे आहे?
पोरं सांगतात. चुकली की पुन्हा थ्रोपासून.
अशा बिनचेंडूच्या किती मॅचा आम्ही
कुंपणाला टेकून पाहिल्या, शेंगा खात,
आणि एकदा तर ऑफसाइडवरून भांडलो.

माझा पुतण्या घरी मीठ मागायलाही तोंड उघडत नाही.
मैदानात ओरडतो, ‘मागे माणूस!’
त्याच्या आईनं पहिल्यांदा ऐकलं
तेव्हा ती कुंपणापाशी खालीच बसली.

तर पाकीट माझ्या हातात होतं.
चुकीचा खण फार लांब नसतो, एक वीत डावीकडे.
तिकडून बऱ्हाणपूर, मग खंडवा, मग कुठेही.
रजिस्टर पत्रंसुद्धा हरवतात.
हरवल्याचे फॉर्म मीच भरतो, तीन प्रतींत.

मुकादम चहा घेऊन आला. म्हणाला, काय रे, जड आहे का?
मी म्हटलं, नाही, पत्ता नीट लागत नव्हता.
आणि नोंद केली. ‘तडवी’चा ड वहीत जरा वाकडा आला आहे,
आजही दिसेल.

संध्याकाळी सोनवणे पोस्टमन मैदानावरच आला.
मास्तरनं गुडघ्यावर वही धरून सही केली,
पाकीट उलटंपालटं पाहिलं,
आणि बुटांच्या पिशवीत टाकलं. फोडलं नाही.
कुंपणाबाहेर आम्ही चौदा जण मॅच बघत होतो
म्हणजे पिशवी बघत होतो.
भारंबे पुटपुटला, कोण्या येड्यानं आणलं हे इथपर्यंत.
मी शेंग सोलली.

साडेसहाला लाइट गेली. रोजच जाते.
लोको शेड काळं, रस्ता काळा,
नुसता पोरांच्या धापांचा आवाज.
मग मास्तर :
‘थांबा जागेवर. कॉर्नर आपला आहे.
चेंडू कुठे आहे?’

अंधारातून एकेक पोर सांगू लागलं.
पुतण्याचा आवाज मला ओळखू आला.
फिरके माझ्या शेजारी, कुंपणाची तार धरून,
चक्क डोळे मिटून उभा.

मी मिटले नाहीत.
पिशवी कुठे ठेवली होती तिकडे पाहत राहिलो,
काही दिसत नव्हतं.
आउटरला कुठलीशी दिल्लीची गाडी उभी होती,
सिग्नल मिळेना, शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होती.